हुलिया : चेहरा गंभीर

"हुलिये में कर्मचारी का चेहरा 'गंभीर' दर्ज है। संलग्न फोटो में कर्मचारी मुस्कुराता पाया गया। कारण स्पष्ट करें।"

असा कागद सरकारनं तुम्हांला कधी पाठवलाय? मला पाठवला. रीतसर, शिक्क्यानिशी, दोन प्रतींत. एक प्रत माझ्यासाठी आणि एक माझ्या फायलीसाठी, म्हणजे मी मेल्यावरही लोकांची वाचायची सोय.

हुलिया म्हणजे काय ते आधी सांगतो. ग्वाल्हेर संस्थानात नोकरीला लागलेल्या प्रत्येकाचं वर्णन एका वहीत लिहून ठेवत. फोटो ऐपतवाल्यांचे निघत, बाकीच्यांचे हुलिये निघत. मी, मधुसूदन माधवराव पागनीस, पस्तीस साली लश्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या शहरभागात, कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा एका म्हाताऱ्या मुन्शीनं चष्म्यावरून मला न्याहाळलं आणि लिहिलं : रंग गेहुआ, कद मझोला, डाव्या भुवईवर तीळ, चेहरा गंभीर. मुन्शीची चूक नव्हती. चेहरा खरंच गंभीर होता. चार पिढ्यांचा होता.

आमच्या घराण्यात हसत नाहीत. आमचे पणजोबा दरबारात होते. एका दसऱ्याच्या स्वारीत त्यांच्यासमोर हत्ती शिंकला. हत्ती शिंकताना फार थोड्यांनी पाहिलेला असतो. पणजोबांनी पाहिला आणि ते हसले. नुसते हसले असते तर चाललं असतं, पण दात दिसले. आठव्या दिवशी त्यांची श्योपूरला रवानगी झाली. सात वर्षं तिथं डास मारून ते परत आले आणि त्यांनी घराला नियम घालून दिला : पागनीस हसला की त्याची बदली होते. हसू आवरतच नसेल तर भिंतीकडे तोंड करावं, ओसरलं की वळावं.

मला हे वडिलांनी पाचव्या वर्षी शिकवलं, इतर मुलांना पाढे शिकवतात तसं. माझ्या लग्नात मांडवाला भिंत नव्हती, तेव्हा मी दोनदा कनातीकडे वळलो होतो. बायकोला मात्र मी हे कधी सांगितलं नाही. काय सांगणार? की अगं, मी भिंतीला तोंड लावून हसतो? तिची समजूत अशी की मला भिंतींच्या ओलीची फार काळजी. बिचारीनं दोनदा चुना लावून घेतला.

तर छप्पन साल. एक नोव्हेंबरला आमचा मध्यभारत मोडला आणि नवा मध्यप्रदेश झाला. आम्हांला मोडामोडीची सवय होती. संस्थान गेलं तेव्हा कचेरीवरची पाटी बदलली, पाटीखालचे आम्ही तेच राहिलो. मग हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर असा दोन घरचा संसार आठ वर्षं चालला, तोही निभावला. पण आता राजधानी भोपाळला गेली, आणि पुन्हा हिवाळ्यात परत येते म्हणाली नाही. इंदरगंजातल्या आमच्या कचेरीत आम्ही चोवीस माणसं. त्यांतली आठ इथं ठेवायची आणि सोळा भोपाळला न्यायची असं ठरलं. कोण आठ आणि कोण सोळा, ते ठरवायला एक साहेब येणार होते.

मला स्वतःला भोपाळचं वावडं नव्हतं. तलाव आहे म्हणतात, असेल. प्रश्न वनमालेचा होता.

वनमाला माझी बायको. लग्नात सातवी पास होती. आमची मुलगी शरयू मांडीवर असताना तिनं मॅट्रिकचं पुस्तक उघडलं, आणि मग स्वयंपाक, सासूचं आजारपण, सणवार सांभाळत मॅट्रिक, मग इंटर, मग मास्तरिणीचं ट्रेनिंग, असं करत करत अकरा वर्षांनी तिनं हातातलं पुस्तक खाली ठेवलं. तीन ठिकाणी तिला नाही म्हणाले. चौथ्या ठिकाणी, दौलतगंजातल्या मुलींच्या शाळेत, जुलैमध्ये तिला तिसरीचा वर्ग मिळाला. म्हणजे नोकरीला लागून चार महिने झालेले. संध्याकाळी घरी आली की हाताला खडू, पदराला खडू, कधी नाकालाही.

भोपाळची बातमी मी तिला सांगितली तेव्हा ती भांडी घासत होती. म्हणाली, "जावं लागलं तर जाऊ. त्यात काय एवढं?" आणि हातातलं पातेलं असं घासायला लागली की कल्हई निघून यावी. नंतर पाहिलं तर ते पातेलं आधीच घासलेलं होतं. मी रात्रभर त्या पातेल्याचा विचार करत पडलो.

सकाळी शेजारचे सूर्याजीराव गच्चीवर भेटले. हे संस्थानच्या रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले, माजी दफेदार. रिसाला हिंदुस्थानच्या फौजेत मिसळला, हे मात्र मिश्यांसकट घरी आले. आमच्या आणि त्यांच्या गच्चीमध्ये कमरेएवढी भिंत, आणि त्या भिंतीवरून सल्ला येऊ शकत नाही असा विषय अजून निघायचाय.

"पंत, राग मानू नका," ते म्हणाले, "पण तुमचं तोंड पाहिलं की माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलंय. साहेब येईल, चोवीस तोंडं बघेल. ज्याचं तोंड रोज बघवणार नाही, त्याला पहिला गाडीत बसवेल."

"मग मी करू काय?"

"हसा! हसण्यात ताकद असते, पंत. मिसरात, इजिप्तमध्ये हो, आमच्या गोऱ्या कर्नलकडे बघून मी रोज सकाळी हसायचो. सगळ्या रिसाल्याला खंदक खणायला लावले त्यानं, मला कधी लावला नाही. बोला!"

मी काय बोलणार? एकीकडे पणजोबा म्हणतात, हसशील तर जाशील. दुसरीकडे दफेदार म्हणतात, हसलास तरच राहशील. पण पणजोबांकडे पुरावा एका हत्तीचा, आणि यांच्याकडे अख्ख्या रिसाल्याचा. मी तयार झालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला गच्चीवर माझी कवायत सुरू झाली. थंडी अशी की दातावर दात आपटत होते, म्हणजे दात दाखवायचा अर्धा प्रश्न सुटलेलाच. सूर्याजीराव छाती काढून उभे.

"पंत, साव-धान! ओठ, ढीला छोड! गाल, उप्पर उठ! डोळे... डोळे मोठे नका करू हो, हल्ला नाही करायचा आपल्याला!"

माझी मुलगी शरयू, पंधरा वर्षांची, मंजन तोंडात घेऊन जिन्यात उभी होती. म्हणाली, "बाबा, ऐसे मत करो ना. भीती वाटते."

आठ दिवसांत एक हसू तयार झालं. सूर्याजीरावांनी ते पास केलं, पण 'गस्तीपुरतं ठीक' असा शेरा मारून. मी ते बाजारात चालवून बघायचं ठरवलं. पहिल्यांदा इंदरगंज चौकातल्या पानवाल्याकडे पाहून हसलो. तो घाईघाईनं म्हणाला, "बाबूजी, दाढ़ में दर्द है क्या?" आणि त्यानं मला लवंग दिली. एका टांगेवाल्याकडे पाहून हसलो. त्यानं टांगा थांबवला, मला ओळखल्यासारखं केलं, वर बसवलं आणि डबरा गावी झालेल्या त्याच्या मेहुण्याच्या लग्नात मी कसा जेवलो होतो ते मला सविस्तर सांगितलं. मी डबऱ्याला आजतागायत गेलेलो नाही. पण माणूस इतक्या प्रेमानं आपल्याला वाढत असताना नाही कसं म्हणायचं? सराफ्यातून जाताना एका पेढीवरच्या शेठजींकडे पाहून हसलो, तर त्यांनी हाताला धरून गादीवर बसवलं, सहा नथी पुढे मांडल्या आणि मुहूर्त कधीचा विचारलं. नथी नकोत हे पटवायला मला पाऊण तास लागला.

संध्याकाळी घरी आलो तर वनमाला दारातच. "शरयूचं लग्न ठरवलंत म्हणे. कुणाशी ते मला सांगाल का?"

पण खरं सांगू? मला राग येण्याऐवजी कुतूहल वाटायला लागलं. एकेचाळीस वर्षं मी हा प्रकार घराबाहेर कधी वापरलाच नव्हता. दोन ओठ अर्धा इंच बाजूला सरकतात, बाकी काही नाही, आणि समोरचा माणूस त्यातून स्वतःला हवं ते काढतो. पानवाल्यानं दाढ काढली, शेठजींनी लग्न काढलं. मी वाटेनं जाताना कुणाला कोणतं हसू देऊन बघावं याचा विचार करायला लागलो. बदलीची भीती चार पावलं मागे राहिली होती.

आणि मग मी कचेरीत हसलो.

आमचे हेडक्लार्क विश्वासराव एकवीस वर्षं माझ्यासमोरच्या टेबलावर बसतात. एकवीस वर्षांत आम्ही एकमेकांना फायली, टाचण्या आणि मुलीच्या बारशाचं आमंत्रण एवढंच दिलेलं. त्या सोमवारी मी आत आलो आणि त्यांच्याकडे पाहून हसलो. विश्वासरावांच्या हातातला टाक खाली पडला.

"काय कळलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही."

"यादी पाहिलीत?"

"छे हो," म्हणालो आणि कवायतीप्रमाणे पुन्हा हसलो.

संपलं! पागनीस हसला म्हणजे पागनीसनं यादी पाहिली, आणि यादी पाहून हसला म्हणजे पागनीस राहिला, हे दुपारपर्यंत कचेरीभर झालं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझी खुर्ची पुसली गेली. चहा न मागता आला. रेकॉर्डकीपरनं मुरैन्याच्या तिळाच्या गजकचा पुडा टेबलावर ठेवला आणि त्याच्या आईला दम्याचा त्रास असून भोपाळची हवा तलावामुळे दमट असल्याचं माझ्या कानात सांगितलं. मी प्रत्येकाला शपथेवर सांगत होतो की मला काहीही माहीत नाही. पण गजक दाताला चिकटलेली, त्यामुळे सांगताना तोंड हसल्यासारखं होत होतं, आणि कुणाचाच विश्वास बसत नव्हता. 'मोठा पोचलेला आहे,' असं एकानं माझ्यामागे म्हटलेलं मी ऐकलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

त्याच आठवड्यात हुकूम आला : नव्या राज्याच्या दप्तरासाठी प्रत्येक कर्मचाऱ्यानं तीन दिवसांत फोटो द्यावा. "हसतानाचा द्या," सूर्याजीराव म्हणाले. "साहेब येण्याआधी तुमचा फोटो त्याच्यासमोर जाईल. म्हणजे निम्मी लढाई तिथंच."

मल्हाररावांचा स्टुडिओ सराफ्याच्या मागच्या गल्लीत आहे. त्यांनी आयुष्यभर सरदारांच्या घरचे फोटो काढले, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर आलेल्या माणसाला ते आधी हुकूम देतात आणि मग खुर्ची.

"हसणाऱ्याचा फोटो मी काढत नाही," ते म्हणाले. "फोटो राहतो, हसू राहत नाही. उद्या तुमच्या तेराव्याला हाच फोटो मांडतील. लोक म्हणतील, हा मेला तरी हसतोय."

मनातून मला सुटल्यासारखंच झालं. घराण्याची रीत पाळून मी गंभीर बसलो. पाठीमागे पडद्यावर किल्ला आणि किल्ल्याला कधीच नसलेला धबधबा रंगवलेला. मल्हाररावांनी काळ्या कापडात डोकं घातलं, एक हात बाहेर काढला आणि म्हणाले, "हलू नका. श्वास घेऊ नका. आता..."

आणि कापडाच्या आत ते शिंकले.

साधं शिंकणं नव्हतं ते. कापड फुगलं, तिवई तीन पायांवर हलली आणि आतून तुतारी वाजावी तसा आवाज आला. माझ्यासमोर एकदम तो दसऱ्याचा हत्ती उभा राहिला. शंभर वर्षांपूर्वीचा, झूल घातलेला, सोंड वर केलेला. भिंत माझ्या पाठीशी, तिकडे वळायची सोय नाही. मी हसलो. आणि तेवढ्यात शिंकेच्याच धक्क्यानं मल्हाररावांच्या हातून बटण दाबलं गेलं.

"हललात नाही हे नशीब," ते नाक पुसत म्हणाले. दुसरा काढा म्हटलं, तर ती शेवटची प्लेट होती. सगळ्या लश्कराचे फोटो निघत होते आणि नवा माल दिल्लीहून मंगळवारी यायचा होता. फोटो उद्या द्यायचा. त्यांनाही ओशाळल्यासारखं झालं असावं. भरपाई म्हणून त्यांनी फोटोवर ब्रशनं हात फिरवला आणि माझ्या भुवईवरचा तीळ, डाग समजून, काढून टाकला. वर पैसे घेतले नाहीत.

फोटो घरी आणला. वनमालेनं तो दिव्यापाशी नेऊन बराच वेळ पाहिला. "यातला एक मला हवाय," ती म्हणाली.

"कशाला?"

"असू दे." आणि तिनं तो आपल्या ट्रंकेत नेऊन ठेवला.

पंधरा दिवसांनी तो कागद आला, सुरुवातीला सांगितलेला. हुलियातला तीळ फोटोत नाही, आणि हुलियातला चेहराही नाही. मी रीतसर खुलासा लिहिला : 'फोटोग्राफर को छींक आई।' त्यावर उत्तर आलं : 'छींक फोटोग्राफर को आई, मुस्कुराया कर्मचारी। दोनों में संबंध स्पष्ट करें।' संबंध स्पष्ट करायचा तर पणजोबांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि फॉर्मवर जागा दोन ओळींची. मी तो फॉर्म तसाच ठेवून दिला. मग तिसरा कागद आला. ज्यांची ओळख पटत नाही त्यांना ओळख पटेपर्यंत भोपाळला हजर ठेवण्यात येईल. तत्पूर्वी साहेब ग्वाल्हेरला येतील तेव्हा कर्मचाऱ्यानं त्यांच्यासमोर फोटोप्रमाणे हसून दाखवावं, आणि कर्मचाऱ्याला 'स्वाभाविक रूप से' हसताना पाहिलेला किमान एक साक्षीदार आणावा.

म्हणजे पणजोबांचंच खरं झालं. मी खुर्चीत बसून राहिलो. मी हसलो आणि माझ्या बायकोची शाळा गेली, एवढंच मला दिसत होतं. ज्या गोष्टीसाठी हसायला शिकलो तीच त्या हसण्यानं बुडवली.

साक्षीदार म्हणून आधी विश्वासरावांकडे गेलो. यादीबद्दल मला खरंच काही माहीत नव्हतं हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, आणि गजकचा राग कचेरीत अजून ताजा होता. "एकवीस वर्षं समोर बसतोय पागनीस," ते म्हणाले, "खोटं कसं लिहून देऊ? त्या आठवड्यातलं धरायचं म्हणाल, तर ते स्वाभाविक नव्हतं. मला दोन रात्री झोप आली नाही."

सूर्याजीरावांवर माझी मदार होती. ते बराच वेळ मिशीशी चाळा करत राहिले. "पंत, तुमच्यासाठी जीव देईन. पण मी पाहिली ती कवायत. कवायत म्हणजे लढाई नव्हे. खोटी साक्ष शिपाईगडी देत नसतो." मग म्हणाले, "मात्र तुमच्या मागे उभा राहीन." हे त्यांनी इतक्या मनापासून म्हटलं की मला रडूच यायला लागलं. तेही आमच्या घराण्यात चालत नाही.

जेवताना मी वनमालेला सगळं सांगितलं. तिनं आमटी वाढली आणि म्हणाली, "साक्ष मी देते. अर्ध्या दिवसाची रजा काढते."

"तू? तू मला हसताना कधी पाहिलंस?"

"ते तिथंच सांगेन."

साहेब आले. मोठ्या दालनाच्या मधोमध टेबल टाकलेलं, गळ्याला मफलर, पायाशी शेगडी, समोर फायलींचा ढीग. साहेब नागपूरच्या कचेरीतून नव्या राज्यात आलेले. त्यांचा स्वतःचा चेहरा असा की आमच्या मुन्शीनं तो हुलियात डोळे झाकून लिहिला असता. माझा फोटो त्यांनी उचलून माझ्या तोंडाशेजारी धरला.

"मुस्कुराइए."

मी मनातल्या मनात म्हणालो, ओठ ढीला छोड, गाल उप्पर उठ. साहेबांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. पाणी आलं, मी प्यालो, पुन्हा हसलो. साहेब कागदावर लिहायला लागले आणि लिहिता लिहिता वाचत गेले, "मेल... नहीं... खाता."

"साहेब, मी साक्षीदार आहे," वनमाला पुढे होऊन म्हणाली. "मराठीत सांगितलं तर चालेल?"

"नागपुर का हूँ, बहनजी. समझता हूँ. आपने इन्हें हँसते देखा है?"

"पाहिलंय. हे भिंतीकडे तोंड करून हसतात."

दालनात तेवीस माणसं होती. ती सगळी माझ्याकडे बघायला लागली.

"मला पुष्कळ वर्षं कळलंच नाही," वर्गात सांगावं तशी ती सांगत होती. "मला वाटायचं, हे ओल बघतात. दोनदा चुना लावून घेतला. मग डाग झाकायला म्हणून त्या भिंतीवर गणपतीची मोठी तसबीर लावली, काचेची. हे वळले की मला काचेत यांचं तोंड दिसायला लागलं. जुलैत माझं नेमणुकीचं पत्र आलं. मी वाचून दाखवलं. हे म्हणाले, 'बरं झालं.' एवढंच. आणि वळले. मी काचेत पाहिलं, गणपतीच्या सोंडेवर यांचे सगळे दात. या फोटोत आहेत ना, अगदी तसेच. तेव्हापासून रोज चाललंय. मी शाळेतून येते, हाताला खडू असतो, हे तो खडू बघतात आणि भिंतीकडे जातात. मी काही बोलले नाही कधी. बोलले असते तर यांनी दुसरी भिंत शोधली असती."

पाच महिने. पाच महिने मी समजत होतो की हे मला आणि गणपतीला सोडून कुणाला माहीत नाही, आणि ही बाई रोज संध्याकाळी माझ्या पाठीमागे उभी राहून बघत होती! मी वळायला गेलो. टेबल दालनाच्या मधोमध, भिंत पंधरा पावलांवर, आणि मागे दिलेल्या शब्दाला जागून सूर्याजीराव उभे. वळायला जागाच नव्हती. जे व्हायचं ते साहेबांच्या समोर झालं.

साहेबांनी फोटो उचलला, माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. "वही है," ते म्हणाले. "दाँत तक वही."

मागून सूर्याजीराव कुजबुजले, "ही लढाई झाली, पंत!"

आणि मग साहेब खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "ऐसा हँसमुख आदमी तो भोपाल में चाहिए. वहाँ सब मुँह लटकाए बैठे हैं."

माझं हसू जिथं होतं तिथंच विझलं. वनमाला आपल्या बोटांवरचा खडू बघत होती. साहेबांनी फोटो पुन्हा माझ्या तोंडाशेजारी धरला.

"एक बार फिर मुस्कुराइए."

मी मनापासून प्रयत्न केला, देवाशपथ. ओठ हललेच नाहीत.

साहेबांनी वनमालेच्या बोटांकडे पाहिलं. शेगडीत कोळसा तडकला. "कौनसी कक्षा पढ़ाती हैं?" त्यांनी विचारलं.

"तिसरी."

"हं." त्यांनी फोटो फायलीत ठेवला. मग एकदम मराठीत म्हणाले, "माझं बिऱ्हाड अजून नागपुरातच आहे," आणि आम्हांला जायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी यादी लागली. मी पुढे जाईना, तेव्हा विश्वासरावांनीच माझ्यापुढचा शेरा मोठ्यानं वाचला आणि दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नाही : "कर्मचारी केवल ग्वालियर में मुस्कुराता है। अन्यत्र भेजने पर फोटो से मेल नहीं रहेगा और पुनः आपत्ति होगी। अतः यथास्थान रखा जाए।"

मी टोपी उचलली आणि रजेचा अर्ज न देता कचेरीतून बाहेर पडलो. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच. पणजोबांना एवढंच सांगावंसं वाटत होतं, की पागनीस हसला आणि राहिला. इंदरगंजातून दौलतगंजापर्यंत मी जवळजवळ पळत गेलो. पानवाल्यानं हाक मारली, "बाबूजी, दाढ़ कैसी है?" मी थांबलो नाही.

शाळेत तिसरीचा वर्ग खालीच आहे. मी दारात उभा राहिलो. वनमाला फळ्यावर काहीतरी लिहीत होती. तिनं वळून पाहिलं आणि तिचा हात तसाच वर राहिला. सांगायला मी तोंड उघडलं, पण काहीतरी भलतंच व्हायला लागलं, म्हणून मी चटकन भिंतीकडे वळलो. भिंतीवर नकाशा होता, जुन्या मध्यभारताचा. नवा अजून कुणी दिला नव्हता.

"राहिलात ना?" मागून तिचा आवाज आला.

"मी अजून बोललोसुद्धा नाही. कसं कळलं?"

ती नुसती हसली, मोठ्यानं, वर्गासमोर. आणि तिसरीच्या बत्तीस मुली माना वळवून, त्या भिंतीवर एवढं हसण्यासारखं काय आहे ते बघायला लागल्या.